खडकांचा पाठ, सहा जणांचे गट आणि दिवाळीनंतरचा वर्ग

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यातलं हे केंद्र, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालचा शाळांचा गट. जिल्हा परिषदेच्या दहा-बारा शाळा, त्यातल्या निम्म्या द्विशिक्षकी. केंद्रशाळा मात्र सातवीपर्यंत. गावांच्या कडेला तांडे आहेत. तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, शाळेत मराठी. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि बरीच कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. मी त्या वर्षी साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना शैक्षणिक मदत करणारा माणूस, म्हणून या केंद्रात जात असे. शाळा किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत.

मुलांना गटात बसवून शिकवा, हे इथल्या शिक्षकांना कुणी पहिल्यांदा सांगत नव्हतं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादावर (मूल स्वतः करत, अनुभवत ज्ञान घडवतं या विचारावर) प्रशिक्षणं झाली. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला तेव्हा वर्गांच्या फरशा तक्त्यांनी आणि वर्तुळांनी रंगल्या. २०२१ च्या जुलैत निपुण भारत अभियान सुरू झालं, त्याचा भर तिसरीपर्यंतच्या वाचन आणि गणनावर. त्यामुळे पहिली-दुसरीच्या शिक्षकांकडे साहित्य होतं, कार्ड होती, खेळ होते. पाचवी ते सातवीचे शिक्षक या सगळ्यात जरा कडेलाच पडले. भूगोल किंवा विज्ञानाचा चार पानी पाठ गटात कसा घ्यायचा, हे त्यांना कुणी करून दाखवलं नव्हतं.

जूनमध्ये तालुक्याच्या गटसाधन केंद्रात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, चांगले होते, हे नोंदवायलाच हवं. जोडीत विचार करून सांगणं, भिंतीवर तक्ते लावून फिरत वाचणं, वर्तुळात बसून चर्चा, जिगसॉ (पाठाचे तुकडे वाटून घेऊन एकमेकांना शिकवणं) अशा बऱ्याच कृती त्यांनी शिक्षकांकडून प्रत्यक्ष करून घेतल्या. शिक्षक रमले, हसले, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फोटो पडले.

अडचण कुठे होती

ऑगस्टमध्ये केंद्रप्रमुखांनी वर्गभेटी केल्या. परिपाठानंतर एखादं कृतिगीत व्हायचं, बाकी तासात तेच: शिक्षक वाचतात, मधे थांबून प्रश्न विचारतात, पुढच्या बाकावरचे तेच पाच-सहा हात वर येतात. भेटवहीत ‘गटकार्य घ्यावे’ असा शेरा मारून हे प्रकरण मिटवता आलं असतं. केंद्रप्रमुखांनी शेरा लिहिला नाही. शाळा सुटल्यावर चहा घेताना एकेकाला विचारलं, की जूनमधलं वर्गात का येत नाही?

उत्तरं सरळ होती. चौथीचे गुरुजी म्हणाले, “साहेब, तिथं आम्ही चाळीस मोठी माणसं होतो. इशारा केला की गप्प. इथं गट करा म्हटलं की गट होईस्तोवर तास संपतो.” सातवीच्या सरांची अडचण खोलीची. लोखंडी बाकं हलवली की खालच्या वर्गाला आवाज, आणि हलवली नाहीत तर पाठीला पाठ लावून गट कसा बसणार? सहावीच्या मॅडम नोकरीत त्या मानानं नव्या, उत्साही. त्यांनी एकदा प्रयत्न करून पाहिला होता. त्यांचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. “सर, खेळ कसा खेळायचा ते मला कळलंय. खेळवायचा कसा ते नाही कळलं.”

प्रशिक्षणात शिक्षक प्रत्येक कृतीत विद्यार्थी झाले होते. सूचना देणं, गट पाडणं, कागद वाटणं, वेळ राखणं, भरकटलेल्या गटाकडे जाणं ही सगळी कामं सुलभक करत होता आणि चांगला सुलभक ती दिसू देत नाही. म्हणजे जे शिकायचं होतं नेमकं तेच नजरेआड राहिलं होतं. माझ्या मते बहुतेक कृतियुक्त प्रशिक्षणं इथेच फसतात, आणि दोष शिक्षकांच्या ‘मानसिकते’वर टाकला जातो.

समोरचे पर्याय

सप्टेंबरच्या शिक्षण परिषदेआधी, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीआधी, केंद्रप्रमुख, केंद्रशाळेचे मुख्याध्यापक, सहावीच्या मॅडम आणि मी असे बसलो. पहिला पर्याय पुन्हा बाहेरून सुलभक बोलावण्याचा. त्यातून आणखी एक छान दिवस मिळाला असता, तेवढंच. दुसरा, दीक्षा अ‍ॅपवरचे आणि इतर व्हिडिओ पाठवण्याचा. मुख्याध्यापकांनी तो हसून उडवला: “गटावर रोज तीस व्हिडिओ येतात. अंगठा दाखवतात आणि पुढे जातात.”

तिसरा पर्याय आदर्श पाठाचा, आणि त्यावर बराच वेळ गेला. एखाद्या हातखंडा शिक्षकानं परिषदेत मुलं बसवून पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी पाहायचं. ही जुनी पद्धत आहे आणि तिचा उपयोगही होतो. पण आदर्श पाठाची मुलं आधी तयार केलेली असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पाहणारा मनात म्हणतो, त्यांची मुलं हुशार आहेत. शिवाय पाहणाऱ्याच्या हाताला काहीच वळण लागत नाही.

उरला तो पर्याय असा: कृती एकच घ्यायची, जिगसॉ. दर महिन्याच्या परिषदेत दीड तास तिचा सराव. प्रत्येकानं येत्या आठवड्यात जो पाठ घ्यायचाय तोच पाठ आणायचा. एकानं शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी मुलं व्हायचं, आणि आपल्या वर्गात जशी असतात तशीच मुलं, आज्ञाधारक नव्हे.

यातली खरी किंमत वेळेची होती. परिषदेचा दिवस परिपत्रकं, ऑनलाइन माहिती, यूडायस (शाळांची सरकारी आकडेवारी) आणि मतदार यादीच्या कामातच संपतो. केंद्रप्रमुखांनी सरावाचा दीड तास सकाळी पहिला ठेवला आणि परिपत्रकं दुपारी ढकलली. ऐकायला किरकोळ वाटेल, पण मला वर्षभरातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच वाटतो. तालुक्यावरून एकदा विचारणाही झाली. ती त्यांनी स्वतः निस्तरली.

जिगसॉच का

सगळ्यात सोपी कृती म्हणून जोडीचर्चा निवडा, असं माझं मत होतं. मॅडमनी जिगसॉचा आग्रह धरला आणि त्यांचं कारण वर्गाच्या रचनेत होतं. सहावीत तांड्यावरची मुलं एका कोपऱ्यात एकत्र बसत. गट करा म्हटलं की त्यांचा गट आपोआप वेगळा व्हायचा.

जिगसॉ जन्मली तीच अशा परिस्थितीत. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात, काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि वर्गांत तणाव वाढला. तिथल्या शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही रचना तयार केली. पाठाचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला वेगळा तुकडा द्यायचा. एकच तुकडा मिळालेली सगळी मुलं आधी एकत्र बसून तो समजून घेतात, मग आपापल्या मूळ गटात परत जाऊन बाकीच्यांना शिकवतात. प्रत्येकाकडे असं काहीतरी असतं जे गटात दुसऱ्या कुणाकडेच नसतं, त्यामुळे कुणाला वगळून चालत नाही. निदान कागदावर तरी.

पहिला तास

मॅडमनी सहावीच्या भूगोलातला खडकांचा पाठ निवडला. अग्निज, स्तरित आणि रूपांतरित हे खडकांचे तीन प्रकार आणि चौथा तुकडा महाराष्ट्रातल्या खडकांचा. चौघांचे गट. परिषदेतला सराव सुरेख झाला. एका सरांनी वेरूळची लेणी कोणत्या खडकात कोरली आहेत असा प्रश्न काढला, दुसऱ्यांनी ताजमहालाचा संगमरवर रूपांतरित खडकात बसवला, वेळेत सगळं संपलं.

वर्गात मात्र गोंधळ झाला. पहिली दहा मिनिटं सूचनांतच गेली. मॅडमनी एका दमात सांगितलं: आधी चिठ्ठी बघा, मग आपला क्रमांक शोधा, त्या कोपऱ्यात जा, वाचा, मुद्दे लिहा, परत या, सांगा. मुलं उठली आणि तिथेच उभी राहिली. तुकड्याच्या गटात मुलांनी चर्चा केली नाही, परिच्छेद वहीत उतरवून घेतला. मूळ गटात परतल्यावर तोच वाचून दाखवला आणि बाकीच्यांनी तो लिहून घेतला. चार मुलांनी चार परिच्छेदांचं श्रुतलेखन केलं, इतकंच. तास ४० मिनिटांचा. चौथा तुकडा झालाच नाही.

आणि एक गोष्ट घडली, जी मॅडमनी नंतर आपणहून सांगितली. तांड्यावरच्या एका मुलीकडे रूपांतरित खडकाचा तुकडा होता. ती अडखळत वाचते. गटातल्या मुलानं तिच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचून टाकला. मुलगी उरलेला वेळ खिडकीकडे पाहत बसली. जिला मधे आणण्यासाठी ही कृती निवडली, तीच त्या दिवशी सगळ्यांसमोर बाजूला सारली गेली.

मोडीतली चिठ्ठी

इथे थांबता आलं असतं. मुख्याध्यापकांचा कलही तिकडेच होता: “आपल्या मुलांना हे झेपत नाही, आधी वाचन पक्कं करू.” हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येणार नाही. पण वाचन पक्कं होईपर्यंत गटात घ्यायचं नाही असं ठरवलं, तर कोपऱ्यातली मुलं सातवी संपेपर्यंत कोपऱ्यातच राहिली असती.

पुढच्या परिषदेत केंद्रप्रमुखांनी सराव वेगळा मांडला. केंद्रातल्या एका शिक्षकांना मोडी वाचायचा छंद आहे. त्यांच्याकडून एक परिच्छेद मोडीत लिहून घेतला. प्रत्येक गटात बाकीच्या चिठ्ठ्या देवनागरीत आणि एक मोडीत. मोडीची चिठ्ठी मुद्दाम ज्येष्ठ, बोलक्या शिक्षकांच्या हाती गेली.

आधी हशा झाला. मग एका गटातले सर चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाले, “माझं राहू द्या, तुम्ही सांगा.” आणि गटानं खरंच राहू दिलं! कुणी थांबलं नाही, कुणी मोडी येणाऱ्या सरांकडे गेलं नाही. काम उरकलं. शेवटी त्या सरांना विचारलं, तुमच्या तुकड्यात काय होतं? ते गप्प झाले, थोडे चिडलेही. नंतरची चर्चा इतकी नेमकी झाली की कुणी भाषण द्यायची गरज उरली नाही.

तिथे बसूनच बदल ठरले. तुकडे चारावरून तीनवर आणले, प्रत्येक तुकडा पाच-सहा ओळींचा. मूळ गट सहा जणांचा आणि एक तुकडा दोघांकडे, म्हणजे कुणी एकटं पडणार नाही. तुकड्याच्या गटात एकानं मोठ्यानं वाचायचं, मग कागद उलटा ठेवायचा आणि प्रत्येकानं आपल्या शब्दांत सांगायचं. गोरमाटीत सांगितलं तरी चालेल. लिहायचं नाही, चित्र काढायचं आणि फार तर चार शब्द. सूचना एका वेळी एकच. ती दिल्यावर एखाद्या मुलाकडून वदवून घ्यायची, मगच उठायचं. वर्ग ३१ मुलांचा, म्हणजे पाच गट आणि एका गटात सात. एका तुकड्याला दहा-अकरा मुलं येतात, ती एका घोळक्यात बसली तर पुन्हा दोघंच बोलणार, म्हणून तुकड्याचेही दोन-दोन गट पाडायचे. हे गणित फळ्यावर मांडताना अर्धा तास गेला. जूनच्या प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि वर्गात तर याच गणितावर सगळं अडतं.

बाकांचा प्रश्न व्हरांड्यानं सोडवला. बस्करं अंथरली की गट बसतो. पण व्हरांड्यातच पोषण आहाराची खिचडी वाढली जाते, म्हणून हा तास मधल्या सुट्टीच्या बराच आधी ठेवावा लागला.

आणखी एक भर मॅडमनी घातली. तासाच्या शेवटी पाच प्रश्नांची चिठ्ठी, प्रत्येकानं एकट्यानं सोडवायची, प्रश्न तिन्ही तुकड्यांवर. अ‍ॅरनसन यांनी ऑस्टिनमधल्या एका मुलाची हकिकत सांगितली आहे. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या त्या मुलाला गटातली मुलं चिडवत होती. जवळच्या मोठ्या माणसानं रागावण्याऐवजी एवढंच आठवण करून दिलं, की याच्याकडचा भाग परीक्षेत विचारला जाणार आहे. मुलं चिडवायची थांबली आणि त्याला प्रश्न विचारू लागली. मॅडमना ही हकिकत पटली. उपदेशापेक्षा गरज बरी, असं त्या म्हणाल्या.

पुढचा पाठ नैसर्गिक संसाधनांचा. माती, पाणी, वनस्पती-प्राणी असे तीन तुकडे. आवाज भरपूर होता, एक गट शेवटपर्यंत भांडत राहिला. पण ती मुलगी आणि तिची जोडीदारीण माती सांगत होत्या. काळ्या जमिनीत ओल टिकते, मुरमाड जमिनीत टिकत नाही, हे तिनं कागद न पाहता सांगितलं. तिच्या घरी कपाशी कुठे घेतात आणि कुठे घेत नाहीत हे तिला ठाऊक होतं. गटातल्या मुलानं विचारलं, “मग मुरमाडात काय लावता?” पाठात त्याचं उत्तर नव्हतं, तिच्याकडे होतं.

एक तक्रार

याच सुमारास गावातले एक पालक शाळेत आले. “मॅडम शिकवत नाहीत, पोरंच पोरांना शिकवतात. माझा पोरगा हुशार आहे, त्यानं दुसऱ्याला शिकवत बसायचं का?” मुख्याध्यापकांनी त्यांना शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांसोबत एक तास व्हरांड्यात बसवलं. पालकांचं समाधान पूर्ण झालं नाही. पण त्यांच्या मुलाला शेवटच्या चिठ्ठीत दुसऱ्यांच्या तुकड्यांवरचे प्रश्न चुकले, हे त्यांनी पाहिलं आणि तक्रार मागे पडली. प्रश्न मात्र खोटा नव्हता. वेगानं शिकणाऱ्या मुलाला या तासात काय मिळतं, याचं नीट उत्तर केंद्रात कुणी तयार केलं नव्हतं.

दिवाळीनंतर

सुट्टी संपली तेव्हा सहावीत सात मुलं नव्हती. गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली होती (मुलं नातेवाइकांकडे राहतात, जेवणाची सोय शाळेत होते), त्यामुळे काही मुलं आजी-आजोबांकडे थांबली. ही सात आईवडिलांबरोबर कारखान्याकडे गेली. खडकांच्या तासाला होते तसे चौघांचे गट असते तर अर्धे गट मोडले असते. दोघांकडे एक तुकडा असल्यामुळे बहुतेक गटांत प्रत्येक तुकड्याला एक तरी माणूस उरला. जोडीची ही सोय वाचनासाठी केली होती, स्थलांतरात ती कामी आली.

तरीही निर्णय घ्यावा लागला: गट तसेच ठेवून जागा रिकाम्या सोडायच्या की उरलेल्या २४ जणांचे सहा-सहाचे चार गट नव्यानं करायचे? मॅडमनी नवे गट केले. रोजच्या कामासाठी ते सोपं होतं. पण गेलेल्यांत तांड्यावरची मुलं जास्त होती. मार्चअखेरीला त्यातली काही परतली तेव्हा त्यांना बसायला गट नव्हता, जोडीदार दुसऱ्याबरोबर रुळले होते आणि परीक्षा तोंडावर आली होती. ती मुलं पुन्हा जुन्या कोपऱ्यात जाऊन बसली.

निष्पन्न

वर्षअखेरीला केंद्रातले पाच शिक्षक जिगसॉ नियमित म्हणता येईल इतपत वापरत होते, सगळे पाचवी ते सातवीचे. द्विशिक्षकी शाळांत ती चाललीच नाही. चार इयत्ता मिळून वीस-बावीस मुलं असतील, तर एका इयत्तेत सहाचा एक गटही धड होत नाही. चौथीच्या गुरुजींनी जिगसॉला शेवटपर्यंत हात लावला नाही. त्यांनी परिषदेतून फक्त दोन गोष्टी उचलल्या: एका वेळी एकच सूचना, आणि उत्तर विचारण्याआधी मुलांना शेजाऱ्याशी बोलू देणं. फ्रँक लायमन या अमेरिकी अध्यापकानं १९८१ मध्ये मांडलेली जोडीचर्चेची पद्धत ती हीच. गुरुजींच्या वर्गात मला दिसलेला फरक सहावीपेक्षा कमी नव्हता, आणि त्याला ना व्हरांडा लागला ना चिठ्ठ्या.

संकलित चाचणीचे गुण वाढले का, हे विचारलं गेलं. सहावीत थोडे वाढले, पण त्यामागे जिगसॉ होती असं म्हणायला आधार नाही, आणि अहवालात केंद्रप्रमुखांनी तसं लिहिलंही नाही. वर्गभेटीत दिसलं ते एवढंच: ऑगस्टमध्ये उत्तरं देणारे पाच-सहा चेहरे ठरलेले होते, फेब्रुवारीत तसे ठरलेले राहिले नव्हते.

वेगळं काय करता आलं असतं

जोडीचर्चेपासून सुरुवात करून जिगसॉकडे जायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे. मॅडमना ते आजही पटत नाही. त्यांच्या मते जोडीचर्चेत कोपऱ्यातली मुलं एकमेकांशीच बोलत राहिली असती.

मोडीच्या चिठ्ठीचा सराव पहिल्याच परिषदेत व्हायला हवा होता. मोठ्या माणसांचा सराव सुरळीत झाला तर त्यातून काहीच कळत नाही. अडखळणारा वाचक, उशिरा आलेला मुलगा, कागद फाडणारा गट असे अडथळे सरावात मुद्दाम पेरावे लागतात.

स्थलांतर दरवर्षीचं आहे, त्याचा महिनाही सगळ्यांना ठाऊक. तरी गट आखताना दिवाळीनंतरची हजेरी डोळ्यांसमोर नव्हती. या वर्षी मॅडमनी जूनमध्येच प्रत्येक जोडीत एक जाणारं आणि एक राहणारं मूल बसवलंय. जाणाऱ्याचं नाव गटाच्या तक्त्यावर तसंच राहणार आहे आणि परतल्यावर पहिले आठ दिवस त्याचा जोडीदारच त्याला मागचे तुकडे सांगणार आहे. वसतिगृहाची मंजुरी लांबली तर राहणारी मुलंही जातील, म्हणून दोन जोड्या राखीव ठेवल्या आहेत. द्विशिक्षकी शाळांसाठी तिसरी-चौथी एकत्र करून दोन तुकड्यांची जिगसॉ जमते का, ते ऑगस्टच्या परिषदेत पाहायचं ठरलंय. पहिला पाठ चौथीचे गुरुजी आणणार आहेत.